निरगाठ, सुरगाठ

१९८८ सालची गोष्ट. आमच्या शाखेतले हेडकॅशियर एका सोमवारी सकाळी, काउंटर उघडण्याआधी, माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात मुदत ठेवींच्या तीन पावत्या. तिन्ही मुदतीपूर्वी मोडायच्या होत्या. व्याजाचे नुकसान होईल हे मी त्यांना काय सांगणार? ते नियम मला त्यांनीच शिकवले होते. मी नुसते त्यांच्याकडे पाहिले. ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, पाठीला गाठ आहे."

एवढेच. पुढचे सगळे जणू मला आपोआप कळायला हवे होते, आणि खरे सांगायचे तर मला ते कळल्यासारखे वाटलेही. मी गंभीर चेहऱ्याने सही केली. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी बचत खात्याला नामनिर्देशन केले, गावच्या घराचे कागद भावाकडून मागवले, मुलीच्या लग्नाची बोलणी घाईने सुरू केली. फक्त डॉक्टरकडे तेवढे गेले नाहीत. "गाठ म्हटल्यावर डॉक्टर वेगळे काय सांगणार?" हा त्यांचा प्रश्न. शेवटी शाखेच्या शिपायाने त्यांना जवळजवळ ओढून नेले. डॉक्टरांनी दोन बोटांनी ती गाठ इकडून तिकडे सरकवली, निर्वाळ्यासाठी सुई घालून तपासून घेतली आणि सांगितले की ही चरबीची गाठ आहे. त्रास नसेल तर राहू द्या. ते गृहस्थ आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गाठही आहे. मोडलेल्या ठेवींचे व्याज तेवढे गेले.

ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी हसत सांगितली आहे. तिच्या शेजारी ठेवण्याची दुसरी गोष्ट मात्र मी फारशी सांगत नाही. त्याच सुमारास माझ्या मावशीला डाव्या स्तनात एक गाठ लागली होती. मावशी तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षिका होती, घरादाराला धाकात ठेवणारी. तिने ती गाठ चौदा महिने पदराआड ठेवली. लाजेपोटी, असे सगळे म्हणाले. ते खोटे नाही, पण इस्पितळाच्या खाटेवर ती माझ्या आईला जे म्हणाली ते वेगळे होते : "अगं, दुखतच नव्हती. दुखली असती तर सांगितले नसते का?" तोवर त्या जागेची कातडी आत ओढली गेली होती आणि काखेतही गाठी लागत होत्या. १९९१ च्या पावसाळ्यात ती गेली.

एका माणसाने गाठ या शब्दासरशी मरणाची तयारी केली, आणि एका बाईने ती दुखत नाही म्हणून तिला गाठच मानले नाही. दोघेही शिकलेले होते. दोघांनाही एकच गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती, की गाठ हे काही एका रोगाचे नाव नव्हे.

गंमत अशी, की आपल्या आज्या-पणज्यांना हे माहीत होते. निदान त्यांच्या भाषेला तरी माहीत होते. माझी आजी कधीही नुसते "गाठ आली" म्हणत नसे. केसाच्या मुळाशी आले तर ते केसतूड, पापणीला आली तर रांजणवाडी, बोटाच्या टोकाला नखुरडे. पू धरून ठणकणारे ते गळू, लहान असेल तर करट. मधुमेही माणसाच्या मानेवर उठणारी काळपुळी वेगळी आणि तिला आजी घाबरत असे. पायाला जखम होऊन जांघेत जे फुगते ते अवधान. पायाची जखम भरली की तेही बसते, हा अनुभव त्या शब्दातच होता. डोक्यावर वर्षानुवर्षे न दुखता राहणारे ते आवाळू. चामखीळ, मस, तीळ, कुरूप हे आणखी निराळे. गळ्याभोवती माळेसारख्या गाठी उठल्या तर गंडमाळ, आणि ती क्षयाची असू शकते हे लोकांना ठाऊक असे. गाल फुगले तर गालगुंड, गळा फुगला तर गलगंड. कातडीवरच्या खुणांचीही अशीच मोठी यादी : चट्टा, डाग, वांग, नायटा, शिबे, व्रण. प्रत्येक शब्दाबरोबर थोडे निदान आणि थोडा उपाय येत असे. उपाय पुष्कळदा चुकीचा असे, हे कबूल. गळवावर पोटीस ठीक, पण मावशीनेही सुरुवातीला गरम पोटीसच लावले होते, हे नंतर कळले.

आता हे शब्द गेले. त्यांच्या जागी दोनच राहिले : गाठ आणि ट्यूमर. आणि ट्यूमर म्हणजे कॅन्सर, हे समीकरण सिनेमाने पक्के केले. १९७१ च्या 'आनंद'ने लिम्फोसार्कोमा हा शब्द घरोघर पोहोचवला खरा, पण लोकांच्या मनात राहिले ते मरण. शब्दाचा अर्थ नव्हे. २००४ च्या 'श्वास'ने निदान हे तरी दाखवले, की नातवाच्या डोळ्यातल्या गाठीबद्दल आजोबांना नीट समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग असतो.

ट्यूमर या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ नुसता सूज असा आहे. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. त्यातल्या सुजेसाठी त्याने वापरलेला शब्द ट्यूमर. म्हणजे त्याच्या हिशेबाने डास चावून आलेली गांधही ट्यूमरच. कॅन्सर हा शब्द खेकड्यावरून आला, तो ग्रीक वैद्यांकडून. आपण कर्करोग म्हणतो तेव्हा तोच खेकडा आपल्याही बोलण्यात शिरतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड या चार विकारांवर आहे. त्यात चरबीच्या ग्रंथीचे वर्णन आहे, की शरीर भरले की ती वाढते आणि रोडावले की घटते. (आजचे डॉक्टर म्हणतात, वजन उतरवून ही गाठ जात नाही. आमच्या हेडकॅशियरांनी तेही करून पाहिले.) एका अर्बुदावर दुसरे उठले तर त्याला वेगळे नाव आहे आणि जोडीने उठणारी असाध्य म्हटली आहेत. आजचे सारे शास्त्र तिथे शोधण्याचा उत्साह मला नाही. पण गाठीगाठींत फरक असतो आणि तो आधी ओळखायचा असतो, एवढी शिस्त त्या अध्यायात स्पष्ट आहे. अर्बुद ही संख्याही आहे, दहा कोटींची. पेशी बेहिशेबी वाढतात त्या विकाराला संख्येचेच नाव असावे, हे मला बँकेतली असल्यामुळे विशेष वाटते.

तर फरक कोणता? आपल्या भाषेत त्यासाठी दोन सुंदर शब्द आहेत, सुरगाठ आणि निरगाठ. नाडीची सुरगाठ टोक ओढले की सुटते. निरगाठ बसली की ओढाल तितकी आवळते. साध्या गाठीतही पेशी वाढतातच, पण त्या आपल्या जागी वाढतात. पुष्कळदा त्यांच्याभोवती एक पातळ वेष्टन असते, त्या शेजाऱ्याला ढकलतात पण त्याच्या घरात शिरत नाहीत, आणि मुख्य म्हणजे रक्तातून किंवा रसवाहिन्यांतून दूर जाऊन दुसरे बिऱ्हाड थाटत नाहीत. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी शेजारच्या भागात मुळ्या घालतात आणि पुढे दूरही जातात. मग काही गाठी या वाढत्या पेशींच्या नसतातच. कातडीखालची पिशवी, जिच्यात पांढरट लगदा साठतो, ती नुसती पिशवी. मनगटावर येते ती सांध्याजवळच्या दाट द्रवाची. इंग्लंडात लोक ती जाडजूड बायबल आपटून फोडत म्हणे. (आपटू नये.) मार लागून साकळलेले रक्त हीही गाठ, आणि क्षयाने सुजलेली मानेतली गाठ हीदेखील गाठच, आपल्या देशात तर तिचा विचार आधी करावा लागतो.

नावांवरून मात्र कुणी निष्कर्ष काढू नये. रिपोर्टात शेवटी 'ओमा' आला की घरात रडारड सुरू होते. लायपोमा चरबीचा, फायब्रोमा तंतूंचा, दोन्ही साधे. त्याच थाटाचे मेलानोमा आणि लिम्फोमा हे मात्र कॅन्सर. आणि हिमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त, त्यात वाढ कसलीच नाही. आडनाव एक म्हणून माणसे एका स्वभावाची नसतात, तसेच हे. शिवाय साधी गाठ नेहमी निरुपद्रवी असते असेही नाही. मेंदूच्या आवरणाची मेनिन्जिओमा ही गाठ बहुधा साधी असते, पण कवटीच्या बंद पेटीत ती वाढू लागली तर मेंदूने सरकायचे कुठे? तिथे स्वभावापेक्षा पत्ता महत्त्वाचा.

आम्ही कर्जखात्यांचे असेच वर्गीकरण करीत असू. १९८५ साली रिझर्व्ह बँकेने कर्जांसाठी जी पद्धत आणली तिचे नावच 'हेल्थ कोड' होते. आठ प्रकार, प्रत्येक खात्यावर त्याच्या तब्येतीचा आकडा. हप्ता एकदा चुकलेले खाते आणि कोर्टात गेलेले खाते यांना एकाच फाइलीत घालणारा अधिकारी नालायक ठरला असता. पैशाच्या बाबतीत जी अक्कल आम्हाला सक्तीने शिकवली गेली, ती शरीराच्या बाबतीत कुणी शिकवली नाही. हेडकॅशियरांच्या अर्जावर गंभीर चेहऱ्याने सही करणारी मी, त्या फाइलीतच मोजायला हवी.

माझ्यावरही पाळी आलीच. २०१७ साली पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली. दुखण्याचे कारण पित्ताशयातला खडा निघाला. पण रिपोर्टात आणखी एक ओळ होती, यकृतात दोन सेंटिमीटरचे 'लीजन' दिसते. लिफाफा मी रिक्षातच फोडला. शनिवारची संध्याकाळ. डॉक्टर सोमवारी भेटणार. ते दोन दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. कादंबरीकार असल्याचा एक तोटा असा, की पुढची प्रकरणे आपोआप सुचतात. सोमवारी डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हा बहुतेक रक्तवाहिन्यांचा छोटा गुंता आहे, हिमँजिओमा. यकृतात सर्वांत जास्त सापडणारी साधी गाठ हीच. एकदा खात्री करून घेऊ आणि मग विसरून जाऊ." खात्री झाली. मी विसरलेले नाही, पण आता त्या ओळीला घाबरत नाही.

लीजन या शब्दाचे मूळ इजा या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. शरीराचा कोणताही भाग नेहमीसारखा नसला की डॉक्टर त्याला लीजन म्हणतात. तोंड येते तो फोड लीजन, नायटा लीजन, क्षयाचा फुप्फुसातला डाग लीजन आणि कॅन्सरही लीजनच. म्हणजे तो शब्द निदान नव्हे. "इथे काहीतरी आहे, बघा" असा शेरा आहे. चेक खात्यात जमा दाखवतात पण वटेपर्यंत रक्कम तुमची नसते, तशातला प्रकार. आणि रिपोर्टाच्या शेवटी छापल्यासारखे जे वाक्य असते, की रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे, ते कुणी वाचत नाही. सारा अर्थ त्यात असतो.

या एका शब्दाने किती घरे हादरली असतील याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन आले आणि फिट आलेल्या तरुण मुलामुलींच्या मेंदूत बांगडीसारखे लहान 'लीजन' दिसू लागले. ट्यूमर की क्षय? पुष्कळांना क्षयाची औषधे दिली गेली. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी दाखवले, की त्यांतले बरेचसे म्हणजे मेंदूत अडकून मरू घातलेली फीतकृमीची अळी. फिटचे औषध चालू ठेवले तर महिन्यांमागून महिने जातात आणि डाग आपोआप विरतो. कृमीची अंडी पोटात जातात ती न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून, हातांतून. त्यामुळे "आम्ही तर शाकाहारी" या उत्तराला अर्थ नाही.

शोधणारी यंत्रे जितकी चांगली, तितक्या या ओळी वाढणार. दक्षिण कोरियात १९९९ नंतर इतर तपासण्यांबरोबर गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, आणि थायरॉइडच्या कॅन्सरचे प्रमाण १९९३ ते २०११ या काळात पंधरा पट झाले. मृत्यू मात्र होते तितकेच राहिले. म्हणजे जे बारीक कण माणसाबरोबर निमूट म्हातारे झाले असते, ते शोधून हजारोंचे गळे कापले गेले. म्हणून वाढदिवसाला एकमेकांना 'फुल बॉडी चेकअप'ची भेट देण्याची जी नवी रीत आली आहे, तिच्याकडे मी जरा संशयाने पाहते.

पण कोरिया लांब आहे. बीड लांब नाही. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड मजूर स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या. कारणे पुष्कळ आहेत : पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, मुकादमाची उचल, फडावर ना पाणी ना आडोसा. पण त्या बायकांनी जे सांगितले त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा आले, की डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब आहे, ठेवलीत तर कॅन्सर होईल. पिशवीला गाठ आहे हे ऐकल्यावर कोणती बाई प्रश्न विचारील? गर्भाशयातल्या तंतूंच्या गाठी, ज्यांना फायब्रॉइड म्हणतात, त्या अतिशय सर्रास आढळतात. त्यांचा कॅन्सर होणे ही अत्यंत विरळ गोष्ट आहे. रक्तस्राव फार होत असेल तर उपचार हवा, कधी शस्त्रक्रियाही हवी. पण नुसती आहे म्हणून काढायची ती गाठ नव्हे, आणि पाळी गेल्यावर ती बहुधा आपणच आकसते. हे एक वाक्य ठाऊक नसण्याची किंमत बायकांनी शरीराने मोजली आणि वर कर्ज काढून बिलही भरले. निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक लोकांना कळू नये, यात कुणाचा तरी धंदा असतो, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

आता उलट बाजू. ज्याला भ्यायला हवे त्याला आपण भीत नाही, कारण ते गाठीच्या रूपात येत नाही. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर अगदी वरच्या क्रमांकावर आहे, आणि त्याची सुरुवात गाठीने होतेच असे नाही. गालाच्या आत पुसला न जाणारा पांढरा चट्टा. त्याहून धोक्याचा मखमली लाल चट्टा. तिखट सहन न होणे. तोंड दिवसेंदिवस कमी उघडणे, इतके की पाणीपुरी जाईना. सुपारी आणि गुटखा यांनी तोंडातले अस्तर ताठर होते त्याचे हे लक्षण. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. बंदी कशी चालते ते कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पाहावे. आणि घरातली मिश्री? तव्यावर तंबाखू भाजून दात घासणाऱ्या कित्येक सोज्वळ आज्या आपण तंबाखू खात नाही असे शपथेवर सांगतील. तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर तो दाखवलाच पाहिजे, मग तो दुखो वा न दुखो. न दुखणे हे कसलेच प्रमाणपत्र नाही.

हे लोकांना समजणार नाही, असे कुणी म्हटले तर मला पटत नाही. माझ्या लहानपणी गावोगावच्या भिंतींवर, एस.टी. स्थानकांवर कुष्ठरोगाची जाहिरात रंगवलेली असे. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा, बधीर चट्टा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे वाक्य पाठ होते. अंगावरच्या शंभर डागांतून तो एक डाग ओळखायला महाराष्ट्र भिंतीवरून शिकला. मग गालाच्या आतला पांढरा चट्टा का शिकू नये?

आणि ते करून पाहिलेलेही आहे, आपल्याच राज्यात. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदणी चालू आहे, देशातली अशी पहिली. तिथल्याच माणसांच्या मदतीने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ४९७ गावांमधल्या एक लाख तीस हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली. गर्भाशयमुखाच्या विषाणूची एकदाच केलेली चाचणी त्या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे २००९ साली त्यातून जगाला कळले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून काम केले. दहावी झालेल्या मुलींना शिकवले. त्यांनी एका गटातल्या बायकांच्या गर्भाशयमुखाला सिरक्यातले आम्ल लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. स्तन हातांनी तपासायचे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनांच्या बाबतीत वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ साली आला : पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, त्याहून लहान वयात मात्र तसा फायदा दिसला नाही. ना मोठे यंत्र, ना वातानुकूलित खोली. शिकवलेले दोन हात. माझी मावशी तेव्हा असती तर पन्नाशीच्या पुढच्या गटात बसली असती. हा हिशेब मी पूर्वी केलेला नव्हता.

एक जुनी भीती उरते : चाकू लागला की पसरतो, सुई घातली की चिडतो. मावशीच्या बाबतीतही एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी हेच सांगून आणखी दोन महिने घालवले. उशिरा शस्त्रक्रिया झालेली माणसे दगावली, की दोष चाकूवर जातो, उशिरावर जात नाही. सुईने चार पेशी किंवा सुतळीएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय गाठीची जात नक्की कळत नाही. हाताला कशीही लागो. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी सुटत असतील का, ही शंका डॉक्टरांनी हसण्यावारी नेलेली नाही. टाटामधल्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे सोळाशे स्त्रियांवर प्रयोग केला. स्तनातली गाठ काढण्याआधी काही मिनिटे तिच्याभोवती साध्या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन दिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६ वरून ९० टक्क्यांवर गेलेले दिसले. शंका खरी मानून त्यांनी चाकू टाकला नाही, आधी इंजेक्शन दिले.

माझे मागणे फार नाही. ज्या कागदावर लीजन लिहायचे, त्यावर मराठीत एक ओळ लिहावी : ही साधी दिसते, ही संशयास्पद आहे, की अजून सांगता येत नाही. तिसरे उत्तरही चालेल. आणि आपण विचारावे, की डॉक्टर, ही कसली गाठ? काढली नाही तर काय होईल? तुकडा तपासला का? डॉक्टर रागावतील ही भीती असते. कर्जाच्या अर्जावर मॅनेजर रागावेल या भीतीने मुकाट्याने सही करणारे ग्राहक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचे पुढे काय होई, तेही पाहिले आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, काखेत अवधान आल्यासारखं झालंय. पण हाताला कुठं लागलेलं नाही." कणीक मळता मळता सांगितले, जणू दूध नासल्याची बातमी. किती दिवस झाले विचारले, तर म्हणाल्या, दिवाळीपासून. दुखते का? "नाही, दुखत नाही, म्हणून तर बोलले नव्हते." मी गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही सरकारी रुग्णालयाच्या रांगेत होतो, टोकन एकसष्ट. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने दोन्ही काखा, मान, दोन्ही स्तन नीट तपासले, घरात कुणाला क्षय झाला होता का ते विचारले, आणि सुई घालून नमुना घेतला. बाईंनी डोळे मिटून माझा हात धरला होता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एवढंच होतं होय?"

रिपोर्ट गुरुवारी मिळायचा आहे.